मोटरसायकल न आवडणाऱ्या माणसानं केलेली स्कूटर

इटलीत टस्कनीतले दोन दिवस आम्ही वेस्पा स्कूटरच्या नावावर खर्ची घातले. पहिल्या दिवशी पोंतेदेरा गावातलं पियाजिओ म्युझियम, पियाजिओ म्हणजे वेस्पा बनवणारी कंपनी, आणि दुसऱ्या दिवशी भाड्यानं घेतलेली जुनी वेस्पा, पीएक्स १२५, ती घेऊन कियांतीच्या डोंगरातून एक चक्कर. म्हटलं तर रिव्ह्यू दोन्हीचा आहे पण खरा रिव्ह्यू त्या स्कूटरचाच, कारण म्युझियममध्ये जे वाचून नुसती मान डोलावली होती ते दुसऱ्या दिवशी भर उन्हात रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून हात काळे केल्यावर पटलं. लांबलंय, आधीच सांगून ठेवते.

आणि हेही सांगते की मी वेस्पाची फॅन वगैरे अजिबात नव्हते. मला ती फ्रिजवरच्या मॅग्नेटवरची गोष्ट वाटायची. इटलीत जिथं जाल तिथं कॉफीचे मग, टी-शर्ट, पोस्टर, उशीचा अभ्रा, सगळीकडं तीच मिंट रंगाची स्कूटर, मागं एक सायप्रसचं झाड आणि टोपलीत फुलं. इतक्या वेळा बघितलं की डोळे ती वस्तू बघायचंच बंद करतात. म्युझियमला जायचा हट्ट नवऱ्याचा. त्याला हँडगिअरची गाडी चालवता येत नाही हे मुद्दाम नमूद करते, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

पोंतेदेरा फ्लोरेन्स-पिसा रेल्वेलाइनवरच आहे, साधी लोकल ट्रेन थांबते, त्यामुळं पिसाचा मनोरा बघायला जाणाऱ्यानं वाटेत उतरायला काही हरकत नाही. उतरत मात्र कुणी नाही. गाव म्हणजे टस्कनीच्या फोटोतलं गाव नव्हे, कारखान्याचं गाव आहे, शेड, कंपाउंडच्या भिंती, शिफ्ट सुटल्यावर निघालेली माणसं. स्टेशनजवळ एक शंभर मीटर लांबीची मोझेकची भिंत लागते, एन्रिको बाय नावाच्या चित्रकाराची, रंगीबेरंगी, खेळण्यातल्या यंत्रांसारखे आकार. ती चुकवू नका, आम्ही जाताना चुकवली आणि येताना तिच्यासमोर थांबून एक ट्रेन चुकवली. म्युझियम तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, कारखान्याच्या जुन्या टूलरूमच्या इमारतीत, २००० साली सुरू झालंय. आणि शेजारच्या कारखान्यात अजूनही वेस्पा बनतात, हे मला फार आवडलं. म्हणजे म्युझियम आहे पण मेलेल्या वस्तूचं नाही.

आत गेल्यावर सगळे धावतात ते रंगीत गाड्यांच्या रांगेकडं. तुम्ही आधी पापेरीनो बघा. एमपी ५ तिचं खरं नाव, पापेरीनो म्हणजे इटालियनमध्ये आपला डोनाल्ड डक. पियाजिओनं युद्धाच्या काळात केलेला हा पहिला प्रयत्न, शंभरेक नग बनले आणि मालक एन्रिको पियाजिओला तो बघवेना. खरंच बघवत नाही हो. दिसायला बदकासारखी आहेच, पण खरी गडबड अशी की बसायच्या जागेपुढं मधोमध एक जाडजूड उंचवटा आहे, म्हणजे पाय टाकूनच बसायचं, मग स्कूटरचा फायदा काय. पुढं जी झाली ती किती वेगळी आहे हे कळायला ही आधी बघितलेली बरी.

आता गोष्ट थोडक्यात, कारण तिच्याशिवाय बाकीचं कळणार नाही. पियाजिओ ही कंपनी १८८४ ची, जहाजांच्या आतलं फर्निचर-फिटिंग, मग रेल्वेचे डबे, मग विमानं. पोंतेदेराचा कारखाना विमानांचा. युद्धात बॉम्ब पडून तो उद्ध्वस्त झाला, आणि युद्ध संपल्यावर हरलेल्या देशात विमानं कुणासाठी बनवणार, लोकांना तर कामावर जायला काही साधन नाही, रस्ते फुटलेले, खिशात पैसे नाहीत. तेव्हा एन्रिकोनं आपल्याच कंपनीतल्या कोरादिनो दास्कानियो नावाच्या इंजिनिअरला बोलावलं आणि सांगितलं की हे बदक बाजूला ठेव आणि काहीतरी नवीन कर. हा दास्कानियो मूळचा हेलिकॉप्टरचा माणूस, १९३० मध्ये त्याच्या हेलिकॉप्टरनं उड्डाणाचे विक्रम केले होते. आणि गंमत म्हणजे त्याला मोटरसायकल आवडायचीच नाही. बसायला गैरसोयीची, चाक पंक्चर झालं तर काढायला महाकठीण, चेनचं ग्रीस कपड्यांना लागतं, ही त्याची तक्रार.

इथंच मला वाटतं सगळ्याचं मूळ आहे. ज्याला मोटरसायकल आवडते त्याला सांगितलं असतं तर त्यानं थोडी बरी मोटरसायकल केली असती. ह्यानं प्रत्येक तक्रारीला एकेक उत्तर दिलं आणि ती सगळी उत्तरं एकत्र जोडल्यावर जे उभं राहिलं ती वेस्पा. चेन नको? मग इंजिन थेट मागच्या चाकापाशीच बसव. इंजिनाचं तेल-घाण दिसायला नको? वरून फुगीर पॅनल घाल. पाय टाकून बसायला नको? सांगाडाच काढून टाक, पत्र्याचंच अंग असं वाक की तेच वजन पेलेल, विमानात करतात तसं. मग मध्ये मोकळी जागा, खुर्चीवर बसल्यासारखं बसा, स्कर्ट असो, पाद्र्याचा झगा असो. गिअर बदलायला हात सुटायला नको? गिअर हँडलवरच आण. पुढं चिखल उडतो? एक मोठा पत्रा ढालीसारखा उभा कर. चाक पटकन निघायला हवं? मग दोन्हीकडून धरणारा काटा नको, एकाच बाजूनं धर, विमानाच्या चाकासारखं.

पेटंटचा अर्ज फ्लोरेन्सला दाखल झाला तो २३ एप्रिल १९४६ ला. नमुना बघून एन्रिको म्हणाला, ही तर वेस्पासारखी दिसते, म्हणजे गांधीलमाशीसारखी, बारीक कंबर आणि मागं फुगलेली, आवाजही तसाच, असं सांगतात. नाव तिथंच पडलं. पहिली गाडी ९८ सीसी, किंमत ५५,००० लिरा, पहिल्या वर्षी २,४८४ विकल्या, पुढच्या वर्षी १०,५३५. दहा वर्षांत, १९५६ ला, दहा लाखावी बाहेर पडली. म्युझियममध्ये ती पहिली ९८ समोर उभी आहे, दिवा हँडलवर नाही तर पुढच्या मडगार्डवर बसवलेला, त्यामुळं ती खाली मान घालून उभी आहे असं वाटतं. इटालियन लोक ह्या जुन्या गाड्यांना 'फारो बास्सो' म्हणतात, म्हणजे खालचा दिवा, आणि जुन्या गाड्या जमवणारे लोक त्यापुढं अक्षरशः हळवे होतात. मीही झाले थोडी.

ह्या गाडीपाशी आम्ही किती वेळ होतो काय माहीत. एक गोष्ट करून बघा, तिच्या मागच्या बाजूला जाऊन खाली वाका आणि पत्रा कुठं संपतो ते बघा. सगळ्या कडा आत वळवलेल्या, कुठं बोट कापेल अशी धार नाही. आणि उजवीकडं इंजिन आहे म्हणून तिकडचा फुगवटा वेगळा, डावीकडचा वेगळा, दोन्ही बाजू सारख्या नाहीतच! इतकी वर्षं पोस्टरवर बघत होते, हे कधी लक्षात आलं नव्हतं. कारण पोस्टरवर ती नेहमी एकाच बाजूनं दिसते.

बाकी म्युझियममध्ये भरपूर आहे, २०१८ ला वाढवलंय, सगळं सांगत बसत नाही. १९५१ ची ती सिल्युरो म्हणजे टॉर्पेडो आहे, स्कूटर म्हणून ओळखूच येत नाही, रोम-ओस्तिया रस्त्यावर तिनं ताशी १७१ किलोमीटर वेग गाठला होता, १२५ सीसीच्या इंजिनावर, आणि चालवणारा माणूस अक्षरशः तिच्या आत घुसून बसलेला. ॲपेसुद्धा आहे, हो, आपली ॲपे रिक्षा, १९४८ ची, डोकं त्याच दास्कानियोचं. ॲपे म्हणजे मधमाशी. एक गांधीलमाशी, एक मधमाशी, घरातली नावं. फ्रेंच सैन्यासाठी तर वेस्पावर तोफ बसवून पॅराशूटनं खाली सोडायचा प्रकार पण केला होता १९५६ च्या सुमारास, ह्यावर काय बोलावं कळत नाही, तोफ त्या बारीक कंबरेवर घातलेली बघून मला हसूच आलं.

आणि मग ती दालीची वेस्पा. १९६२ साली दोन स्पॅनिश विद्यार्थी वेस्पावरून जगप्रदक्षिणेला निघाले होते, त्यांच्या गाडीवर चित्रकार साल्वादोर दालीनं आपली सही आणि बायकोचं, गालाचं नाव रंगवलं. लोक तिच्यापुढं रांग लावून फोटो काढतात. मी जरा वाईट बोलते, मला ती काही भारी वाटली नाही. सही आहे शेवटी. मोठ्या माणसानं गाडीवर नाव लिहिलं म्हणून गाडी कलाकृती होत नाही, ती आधीच होती, त्यानं फक्त खाली सही केली इतकंच. न्यूयॉर्कच्या मोमा ह्या आधुनिक कलेच्या म्युझियमनं १९५५ ची जीएस १५० आपल्या संग्रहात ठेवलीय, ती कुणाच्या सहीशिवाय. माझ्या मते सगळ्यांत देखणी तीच, चाकं आठऐवजी दहा इंची झाल्यामुळं अंगाला प्रमाण आलंय आणि मागचा भाग असा काही उतरत जातो की बस. ताशी शंभरला जायची म्हणे, पण उभी असताना जास्त चांगली दिसते.

जाहिरातींचा भाग मात्र वेळ काढून बघा. पन्नाशीतली कॅलेंडर, त्यातल्या त्या चित्रातल्या बायका, त्या काळचं जे असायचं ते आहेच. पण १९६९ ची सफरचंदाची जाहिरात बघून मी थांबले. 'की वेस्पा मान्जा ले मेले'. त्यांनी नावाचं सरळ क्रियापद करून टाकलंय, म्हणजे मराठीत करायचं तर, जो वेस्पतो तो सफरचंद खातो, जो वेस्पत नाही तो नाही. अर्थ काय? काही नाही! आणि तरी तरुण पोरांना बरोबर कळलं. सफरचंद म्हणजे काय ते ज्याचं त्यानं समजावं. त्याआधी १९५३ मध्ये ऑड्री हेपबर्न आणि ग्रेगरी पेक रोममध्ये वेस्पावरून फिरले ते 'रोमन हॉलिडे'मध्ये, ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी काही नवीन सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. २०१७ मध्ये तुरीनच्या कोर्टापुढं नक्कल करणाऱ्या स्कूटर्सचा वाद गेला होता, आणि कोर्टानं वेस्पाच्या आकाराला कॉपीराइटचं संरक्षण दिलं, म्हणजे नुसतं ट्रेडमार्क नाही, त्यात कलामूल्य आहे असं धरून. मला हे वाचून मजा वाटली, कारण दास्कानियोला कला वगैरे करायचीच नव्हती हो, त्याला पँट काळी व्हायला नको होती.

बरं, आता दुसरा दिवस, म्हणजे खरी परीक्षा.

कियांतीतल्या एका गावातून आम्ही जुनी पीएक्स १२५ भाड्यानं घेतली. दुकानाचं नाव घेत नाही, का ते पुढं कळेल. हँडगिअरची दुचाकी चालवता येणं हा इथं मोठा गुण आहे, दुकानदारानं मला दोनदा विचारलं की नक्की येते का, आणि नजर नवऱ्याकडं. मी म्हटलं ह्याला नाही येत, मला येते, माझ्या बाबांची चेतक होती, आणि चेतक ही वेस्पाचीच लेक, बजाज आधी वेस्पाच बनवायचे परवान्यावर. हे सगळं मी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, त्याला किती कळलं देव जाणे, पण 'बजाज' म्हटल्यावर एकदम 'आ, बजाज!' करून चावी हातात दिली. लायसन्सचं मात्र नीट बघतात, आपलं भारतीय लायसन्स आणि त्याबरोबर इंटरनॅशनल परमिट, त्यावर दुचाकीचा शिक्का हवा, फक्त कारचा असेल तर १२५ मिळणार नाही. हेल्मेट दोघांनाही सक्तीचं.

दुकान दिसायला काय विचारता. गाड्या रांगेत, मिंट, क्रीम, विटकरी, सगळ्या नव्यानं रंगवलेल्या, पत्र्यात तोंड दिसेल इतक्या चकचकीत. मागं बांधायला वेताची पिकनिक बास्केट देतात. गळ्यात घालायला रेशमी स्कार्फ देतात, हो, खरंच देतात, फोटोसाठी. दिवसाचे ९० युरो, त्यात स्कार्फ धरलेला आहे की कसं ते विचारलं नाही.

किक मारायला गेले आणि शरीराला सगळं आठवलं. सीटखाली पेट्रोलचा कॉक उघडा, चोक ओढा, उजव्या पायानं किक, दुसऱ्या किकला पेटली. तो आवाज! आणि तो वास, टू स्ट्रोकचा, निळसर धूर. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं दोन टक्के, पाच लिटरला शंभर मिली, दुकानदारानं मापाची छोटी बाटली दिली होती बरोबर. पर्यावरणाच्या दृष्टीनं हे चांगलं नाही हे मान्य, मागं बसलेल्यानं आणि आमच्या मागून येणाऱ्या कारवाल्यानं पण ते मान्य केलं असणार. पण तो वास नाकात गेला आणि मी आठवीतली झाले, शाळेला उशीर झालाय, पुढं उभी राहून हँडल धरलंय, आणि बाबा मागून म्हणतायत हात काढ गं.

चालवायला कशी आहे? सांगते. डाव्या हातात क्लच दाबून मूठ फिरवायची, चार गिअर, पहिला वर, मग न्यूट्रल, मग बाकीचे खाली. चढावर दुसऱ्यातून पहिल्यात येताना मनगट असं वळवावं लागतं की संध्याकाळपर्यंत दुखायला लागतं. इंजिन उजवीकडं असल्यामुळं गाडी जराशी उजवीकडं ओढते, पहिली दहा मिनिटं जाणवतं आणि मग आपणच न कळत डावीकडं बसायला लागतो. दहा इंची चाकं म्हणजे खड्डा दिसला की तो तुमचाच. आणि ब्रेक. पुढंमागं ड्रम ब्रेक, मागचा उजव्या पायाखाली. ब्रेक दाबणं म्हणजे सरकारी ऑफिसात अर्ज देण्यासारखं, मंजूर होतो, पण होईपर्यंत तुम्ही बरंच पुढं गेलेले असता. उतारावर गिअरवरच यावं लागतं. ज्यांना आजच्या स्कूटरची सवय आहे त्यांनी सरळ नवी ऑटोमॅटिक वेस्पा भाड्यानं घ्यावी, ब्रेक आहेत, गिअर नाहीत, अंग अजूनही पत्र्याचंच आहे, फायबरचं नाही, आणि फोटोत कुणाला फरक कळत नाही.

पण बसायला! ह्या बाबतीत मी एक अक्षर वाईट बोलणार नाही. पाठ सरळ, गुडघे एकत्र, पाय समोर सपाट, आणि तो पुढचा पत्रा वारा आणि धूळ दोन्ही अडवतो. मोटरसायकलवर आपण तिला मिठी मारून बसतो, इथं खुर्चीत बसून जग बघत जातो. ग्रेवे गावातून निघालो, तिथला तो तिकोनी चौक, कमानी, मग रस्ता २२२, ज्याला कियांतीजाना म्हणतात, वळणावळणाचा, दोन्हीकडं द्राक्षांचे मळे आणि मधूनच ऑलिव्ह. साठच्या वर जायची इच्छाच होत नाही. पीएक्स ही १९७७ ला आलेली, वेस्पात जरा चौकोनी, कडा टोकदार, सौंदर्यस्पर्धेत ती जीएसच्या किंवा प्रिमावेरा नावाच्या वेस्पाच्या मागंच राहील, पण चालवताना आपल्याला आपली गाडी दिसतच नाही ना.

आणि पान्झानोच्या चढावर हँडल पोहायला लागलं. पुढचं चाक. थांबून बघितलं तर सपाट.

आजूबाजूला काही नाही. एक सायप्रस, एक लोखंडी गेट, उन्हात टळटळीत रस्ता. नवऱ्यानं लगेच फोन काढला दुकानदाराला लावायला, दुपारचा एक वाजलेला, इटलीत दुपारी एकला कोण फोन उचलतो. मग मी म्हटलं थांब, डावीकडच्या पॅनलखाली स्टेपनी असते. खटका ओढला, अख्खा फुगवटा हातात आला, आत उभं चाक. हत्यारं हँडलखालच्या डब्यात. गाडी मेन स्टँडवर घेतली, नवऱ्याला म्हटलं तू मागच्या सीटवर बस आणि हलू नकोस, तो बसला तसं पुढचं चाक अधांतरी झालं. आणि आता बघा, पाच नट. तेराचा पाना. कारच्या चाकासारखं, अ‍ॅक्सल काढायचा नाही, ब्रेकला हात लावायचा नाही, पाच नट काढले की रिम एका बाजूनं सरळ बाहेर, कारण दुसऱ्या बाजूला अडवायला काही नाहीच. पुढचं-मागचं चाक एकच, त्यामुळं स्टेपनी कुठंही चालते. हेल्मेट काढण्यापासून शेवटचा नट आवळण्यापर्यंत बारा मिनिटं लागली, त्यातली तीन मिनिटं मी गवतात पडलेला एक नट शोधत होते.

तिथं खाली बसून तो एकांगी काटा हाताशी बघताना मला काल म्युझियममध्ये वाचलेलं सगळं आठवलं. काचेपलीकडं तो शिल्पासारखा दिसतो, किती नाजूक, एकाच हातावर तोललेलं चाक, वा वा. इथं कळलं की तो नाजूक दिसायला तसा नाही केला, रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाची कटकट वाचावी म्हणून केलाय. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्या आजच्या दुपारचा विचार करून ठेवला होता, मला तर त्याला फोन करून सांगावंसं वाटलं. आणि हात काळे झाले खरे, पण मागं बसलेल्याची पांढरी पँट पांढरीच राहिली!

आता तक्रार. गाडी खाली घेतली आणि नवं चाक फसकन बसलं. स्टेपनीत हवाच नाही! अंगठ्यानं दाबलं तर पोळी दाबल्यासारखं. म्हणजे ज्या दुकानानं गाडीला आरसा लाजेल असा रंग दिला, जे गळ्यात घालायला रेशमी स्कार्फ देतं, त्यांनी सीझनमध्ये एकदाही पॅनल उघडून चाकाला बोट लावलं नव्हतं. मला पंक्चरचा राग नाही, ते कुणाच्या हातात नसतं. राग ह्याचा की इतकी विचारपूर्वक केलेली वस्तू, तिचा फक्त फोटो भाड्यानं द्यायला ठेवलाय. स्टेपनी ही त्या गाडीतली सगळ्यांत शहाणी गोष्ट आहे आणि नेमकी तीच फोटोत दिसत नाही.

वाचवलं ते एका आजोबांनी, आणि हे मी रचून सांगत नाही, ते ॲपेमधून आले. जुनी हिरवी, मागं पेट्या भरलेल्या, चढावर धापा टाकत. थांबले, खाली उतरले, चाकाकडं बघून 'गोम्मा आ तेर्रा' म्हणाले, म्हणजे टायर बसलाय, ते तर आम्हाला दिसतच होतं. मागच्या पेट्यांतून पायानं मारायचा पंप काढला, मारला, अंगठ्यानं दाबून बघितलं, अजून मारला. पैसे घेईनात. मिंट रंगाकडं, बास्केटकडं आणि माझ्या गळ्यातल्या स्कार्फकडं आळीपाळीनं बघून हसले मात्र भरपूर. मधमाशीनं गांधीलमाशीत हवा भरली, असं मी नवऱ्याला म्हटलं, त्याला विनोद कळायला जरा वेळ लागला.

संध्याकाळी गाडी परत करताना दुकानदाराला सांगितलं. त्यानं खांदे उडवले, सॉरी म्हणाला, कॉफी पाजली, कॉफी उत्तम होती, पैसे काही कमी केले नाहीत. तुम्ही कुठूनही घ्या, निघायच्या आधी त्यांच्यासमोर डावीकडचं पॅनल उघडायला सांगा आणि चाक दाबून बघा, हत्यारांच्या डब्यात पाना आहे का बघा. आणि पेट्रोलपंप दुपारचे बंद असतात, चालू असले तर सेल्फ सर्व्हिसच्या मशीनवर अवलंबून, म्हणून सकाळीच भरून निघा. नोझलवर 'बेन्झिना' बघून घ्या, 'गासोलिओ' म्हणजे डिझेल, नावावर जाऊ नका.

म्युझियममधून निघताना शेवटी दुकान आहे, तिथं आणि शोरूममध्ये हल्लीच्या स्पेशल एडिशन दिसतात. ९४६ नावाचं मॉडेल १९४६ वरूनच, तिची अरमानीची आवृत्ती २०१५ ला आली, डिओरची २०२० ला. सुंदर आहेत, नाही कशाला म्हणू, शिलाई तर इतकी बारीक की हात लावायला भीती वाटते. तोच प्रॉब्लेम आहे ना पण. जी वस्तू कामावर जाणाऱ्या माणसाला चिखल लागू नये म्हणून बनली ती आता अशी झालीय की तिलाच चिखल लागू नये म्हणून आपण जपायचं. मी एक मडगार्डवरच्या दिव्याच्या जुन्या गाडीचं पोस्टकार्ड घेतलं आणि निघाले.

नवरा त्या दिवसापासून हँडगिअर शिकायचं म्हणतोय. परत करायच्या आधी मुक्कामाच्या ठिकाणच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी त्याला पाच मिनिटं दिली होती, चार वेळा बंद पाडली, पाचव्या वेळी पुढचं चाक उचलून बास्केटसकट मला घाबरवलं. ऑइलची ती मापाची बाटली परत द्यायची राहिली, माझ्या बॅगेत आली आणि विमानात गळली. तीन धुण्यांनंतर अजून त्या स्वेटरला टू स्ट्रोकचा वास येतो, तो मी चौथ्यांदा धुवायला टाकलेला नाही.